उलटा सी

रबाळ्याच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या गाळ्यात
आम्ही वलंदेजांचे शिक्के पाडतो.
मधोमध मोठा व्ही,
त्याच्या एका हातावर ओ, दुसऱ्यावर सी.
कधीकाळी हे उमटायचं
तोफांवर, नाण्यांवर, करारांच्या तळाशी.
आता एका खोक्यात चोवीस, फोममध्ये निजवलेले,
रॉटरडॅमच्या कुठल्याशा भेटवस्तूंच्या दुकानासाठी.

पितळेत कोरतात अच्युत पांचाळ.
भिंगाला डोळा, ओठात विझलेली विडी.
"व्ही आरशातही व्हीच. ओ पण ओच.
सगळी भानगड त्या सीची."

माझं काम लाखेचं.
कांडी वितळवायची, थेंब पसरू द्यायचा,
चार आकडे मोजून शिक्का दाबायचा.
लवकर उचलला तर ओढला जातो,
उशीर झाला तर लाख सोडत नाही.
गार झाला की कड जराशी फोडायची,
खाचांत काळा रंग भरून पुसून घ्यायचा.
तीनशे वर्षं आणायला मला
दीड मिनिट लागतं.
नगामागे सात रुपये.

मंगळवारी पांचाळकाकांचा सी
पितळेत सरळच कोरला गेला,
लाखेवर उलटा आला.
दोनशे नग पडल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं.
शेठ ओरडला नाही, फक्त पंखा बंद केला.
काका बराच वेळ चष्मा पुसत होते,
चष्म्यात काही नव्हतं.

रद्दीतला एक मी घरी आणला, गोठिवलीला.
मागे चिकटपट्टी असतेच,
लावून टाकला जवळ्याच्या बरणीवर.
आई म्हणाली, शोभतो.

बाबा खाटेवरून बघत होते.
बेलापूर रोडच्या रंगाच्या कारखान्यात एकवीस वर्षं,
गेटला टाळं लागून चौदा;
नखांच्या मुळाशी अजून निळं आहे.
"कोनाचा गो शिक्का?"
"एका कंपनीचा. मोठी होती.
जहाजं होती, स्वतःची फौज.
वेंगुर्ल्याला वखार होती त्यांची."
"न आता?"
"बुडाली. सव्वादोनशे वर्षं झाली."

त्यांनी बरणी मांडीवर घेतली,
उलट्या सीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.
"कामगारांची देनी दिली का?"

मला ठाऊक नव्हतं.
अंगठ्याखाली कडेचा एक टवका निघाला,
मी फोडते त्याहून
कितीतरी खरा.