टोकाचं घर

मंगळवार, दुसरी पाळी, खुर्ची क्रमांक चार.
कुळ्येकाका. कोरडं वजन एकावन्न,
आले तेव्हा पंचावन्न पूर्ण.
पुतणीच्या हळदीत ताक प्यालो गं, म्हणाले,
दोनच पेले.
मी काही बोलले नाही.
मशीनला चार लिटर सांगितलं.

एकतीस वर्षं महापालिकेत चावीवाले.
पार्कसाईटच्या उतारावर पहाटे साडेतीनला
झाकणात लोखंडी चावी घालून
किती आटे फिरवले की कुठल्या गल्लीत पाणी,
हे त्यांच्या मनगटाला पाठ.
त्याच मनगटात आता फिस्टुला,
बोट ठेवलं तर मांजरासारखा घुरघुरतो.

तिसऱ्या तासाला प्रेशर ऐंशीवर.
पाय वर केले, सलाईन सोडलं, शंभर झालं.
मग म्हणाले, पोटात.
कुठं?
सगळीकडे.
डॉक्टरांनी दाबून पाहिलं. मऊ, तिंबलेल्या कणकेसारखं.
गॅस असेल.
झाकणभर गुलाबी औषध.

नऊ वर्षं जाड सुयांना
साधं हूं न केलेला माणूस
चादरीची कड मुठीत गोळा करत होता.
माझा हात धरून म्हणाला,
पोरी, मेन लाइन भरलीय.
टोकाच्या घरात जात नाहीये.

मी डॉक्टरांना परत बोलावलं. चिडले.
तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा
चिडायचं विसरले.
लॅक्टेट सात.
स्कॅनची लिफ्ट बंद, स्ट्रेचर रॅम्पवरून,
मागचं एक चाक सारखं भिंतीकडे ओढणारं.

रात्री सर्जन मास्क खाली करून म्हणाले,
दीड हात आतडं काळं होतं, काढलं.
उरलेलं निळसर आहे.
तग धरतं का, उद्या पुन्हा उघडून बघू.
काकूंनी विचारलं, जेवण कधी द्यायचं?
कुणीच काही बोललं नाही.
त्यांनी डबा पिशवीत परत ठेवला,
झाकण घट्ट बसलंय का ते पाहून.

मी राहते त्याच उतारावर, सगळ्यात वर,
जिथे पायऱ्या संपून नुसती माती लागते.
पहाटे नळ खोकला.
खालच्या घरांतून पिंपं भरल्याचा आवाज,
आमच्याकडे दोऱ्याएवढी धार.
हंडा लावून बसले.
चार लिटरच्या कागदावर सही डॉक्टरांची आहे.
बटणावरचं बोट माझं.

धार तुटली. आली. परत तुटली.
साडेसातला त्यांना उघडणार आहेत.
पाणी सहापर्यंत असतं.