अक्रोडाची शाई

गालिचा विकला तेव्हा कळलं
मागची भिंत किती मोठी आहे ते.
पाच मीटर वीस सेंटिमीटर. टेपनं मोजली.
कुताइसीच्या शिवणकारखान्यात एकतीस वर्षं कापड बेतलंय मी,
डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही.
मधोमध गालिच्याएवढा फिका चौकोन,
वर सात खिळे.

गालिच्याचे पैसे इराक्लीच्या तिकिटात गेले,
उरले ते त्याच्या बुटांत. पोलंडला थंडी फार.

बाजारात वॉलपेपरचा भाव ऐकून घेतला
आणि नमुन्याचा तुकडा मागितला. तो फुकट असतो.
भिंतीवर धरला तर
जत्रेत चुकलेलं पोर दिसायला लागलं.

डब्यात वीस लारी.
चारचा ब्रश आणला.
अंगणात अक्रोडाच्या हिरव्या साली कुजत होत्या,
त्यांना कोण विचारतो?
दोन दिवस उकळल्या, घरभर कडू वास.
हात असे काळे झाले
की पाववाली माझ्या तळव्यात
सुटे पैसे वरूनच टाकायला लागली.

सव्वासहाला गॅलरीतल्या लिंबाची सावली
आत येते.
शिंप्याच्या खडूनं आखायला घेतली, वर शाई.
पण सावली काही माप द्यायला उभं राहणारं गिऱ्हाईक नाही.
एक फांदी उतरवते तोवर दुसरी सरकलेली.
तीन आठवडे रोज थोडं थोडं,
त्यामुळे या झाडाच्या डाव्या अंगाला सप्टेंबर आहे
आणि शेंड्याला ऑक्टोबर.

झाउरी आला सल्ला द्यायला.
आधी गिलावा कर, मग रंग, हे काय पोरखेळ...
उजेडात उभा राहिला होता.
म्हटलं, हलू नकोस.
भिंतीला कान असतात म्हणतात,
माझ्या भिंतीला आधी नाक आलं.

मग चौथ्या मजल्यावरची नुनू,
केस विंचरून, लिपस्टिक लावून.
सावलीत लिपस्टिक कुठली दिसायला!
पण मी काही बोलले नाही, ओठ जरा
ठसठशीत काढले.
गॅसचं मीटर बघणारा पोरगा पिशवीसकट आला भिंतीवर,
बिलात मात्र त्यानं एक तेत्री सोडली नाही.

इराक्लीला कळलं. त्यानं फोटो पाठवला,
एका बाजूनं उभा राहून, हनुवटी वर करून:
आई, मलाही घे.

सव्वासहाला फोन उजेडात धरला.
भिंतीवर पडला एक काळा चौकोन
आणि त्याला धरलेली चार बोटं. माझी.
अंगठा मागे राहिला.

थोडा वेळ बघत राहिले. सूर्य थांबत नाही,
म्हणून तेच आखलं,
फिक्या चौकोनाच्या आत, जरा खालच्या बाजूला.

सोळा लारी अजून डब्यात आहेत.
झाउरी विचारतो, खिळे काढून देऊ का?
राहू देत, म्हटलं.