तीनशे बारा

झुलाल सकाळीच होडीनं पलीकडे गेला.
मी मुडावदच्या काठावर,
तिपाईवर यंत्र, डोळा भिंगाला.
लाल ठिपका तापी ओलांडून दरडीवर सोडला.
पडद्यावर नुसती आडवी रेघ.
ओली काळी माती ती,
आलेला उजेड गिळून बसते.

"काय दखाई ऱ्हायनं भो?" फोनवर झुलाल.
"काहीच नाही. पांढरं काहीतरी धर."
त्यानं टोपी काढून छातीशी धरली,
कुणाच्या दहनाला उभा असल्यासारखी.

आणि आकडा आला:
तीनशे बारा मीटर, चाळीस सेंटी.
सेकंदाचे दहा लाख तुकडे केले
तर त्यातले दोन लागले,
जाऊन परत यायला.
त्याचं निम्मं, गुणिले उजेडाचा वेग.
बाकी काही नाही.

झुलालच्या बापानं हेच पात्र साखळीनं मोजलेलं,
वैशाखात, कड्या हाताला चटके देत.
तेव्हाही पुलासाठीच.
कचेरीतली त्याची वही काढून पाहिली:
फरक दीड वीत.

झुलालची बहीण पलीकडे दिलेली.
सडकेनं जायचं तर सावळद्याच्या पुलावरून वळसा.

आज होडीला उशीर झाला.
अंधारात तो उतरला, डोकं उघडंच.
टोपीत भरताची दोन वांगी.