पाणकर

राईस मिलच्या हापिसात हेमकृष्णनं तो डबा ठेवला,
कारण इन्व्हर्टर गावात तिथंच.
वहीएवढा डबा, एक निळा दिवा.
नाव दिलं बोडी.

"आता कंपनीचं काई काम नाई, ताई.
आपलं बोलनं आपल्या बोडीत.
वरच्या अंगाला मोहटोल्याची, खाली खैरटोल्याची.
एक भरली का सांडव्यावरून दुसरीत.
आज्यांनी तलाव असेच त बांधले."

मग तो पुण्याला गेला.
धानाच्या पावतीमागं सोळा अक्षरांचा पासवर्ड
माझ्या हाती देऊन.

पहिलं वर्ष गोड गेलं, खोटं कशाला बोलू.
निरुताबाईनं गुडघ्याचं दुखणं लिहिलं
तर तिला कुणी तेल विकायला आलं नाही.
मोहफुलाला कोण किती वाजता उठलं,
झिंगे कुठल्या बांधीत चढले,
जे ज्या क्रमानं बोललं गेलं त्या क्रमानं दिसायचं.
आमच्या "येऊन राह्यलो" खाली
लाल रेघ ओढणारं कुणी नव्हतं.
दोनशे बारा माणसं.

दोनशे बारा माणसांची भांडणं रात्री अकरानंतर सुरू होतात
हे मला हेमकृष्णनं सांगितलं नव्हतं.
तलावाला पाणकर असायचा,
कुणाच्या बांधीत किती पाणी, तो ठरवायचा,
आणि गाव त्याला शिव्याही द्यायचं, धानही द्यायचं.
मला धान कुणी देत नाही.
मामाचं लिहिलेलं मीच पुसलं एकदा.
त्या दिवाळीला मामा आला नाही.

आणि मग रोवण्याच्या दिवसांत
खैरटोल्याहून फोटो आला.
अंतकलाच्या पोरीचा. पोरीचं नाव लिहीत नाही.
आमच्या बोडीतून मी लगेच काढला.
पण तो होता तिकडे, त्यांच्या डब्यात,
आणि त्यांचा पाणकर दुधराम
दिवसभर चिखलात, फोन घरी खुंटीला.
अंतकला माझ्या दारात उभी.
"कोनाकडं जाऊ? मालक कोन याचा?"
मालक कोणीच नाही, हेच तर आम्ही
आरती ओवाळून आणलं होतं.

मी खैरटोल्याचा पाट बंद केला.
एका बटणात अख्खं गाव गप.
त्याच गावात माझी बहीण दिवसात होती.
मुलगा झाल्याचं मला चार दिवसांनी
दूधवाल्यानं सांगितलं.

तिसऱ्या सांजेला दुधराम सायकलनं आला,
गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला.
माझ्यासमोर फोटो पुसला, दोनदा दाखवला.
माफी त्याला मांडता येईना.
अंतकलासाठी पळसाच्या पानात झिंगे आणले होते.
तिनं घेतले नाहीत.
तोवर फोटो किती फोनांत उतरला होता
ते त्याला माहीत नव्हतं, मलाही नाही.

पूर्वी असंच एकदा कंपनीकडं तक्रार केली होती.
उत्तर आलं होतं दोन मिनिटांत:
आम्ही तपासले, काहीही आक्षेपार्ह आढळले नाही.
त्या उत्तराच्या पायाला चिखल नव्हता.
मी यातून काही सिद्ध करत नाही.
पोरगी अजून शाळेत मधल्या वाटेनं जाते.

श्रावणात वीज पडली, डबा जळाला.
दोन महिन्यांचं बोलणं गेलं,
त्यात निरुताबाईची शेवटची ओळ होती,
भाकर करपल्याबद्दलची.
तिचा लेक विचारतो, कुठंच नाही का?
मोठ्या ठिकाणी असती तर राहिली असती कदाचित,
तेलाच्या बाटल्यांमध्ये.

नवा डबा घ्यायला पैसे जमले, सहा हजार चारशे.
काल मी लिहिलं,
मला एकटीला आता होत नाही.
पाळ फुटली की सगळ्यांच्या बांध्या बुडतात.
रविवारी मिलवर या, शिकवते, आळीपाळीनं राखू.

एकोणतीस जणांनी त्याला हृदय दिलं.

आली एकच, अंतकला.
खुर्ची ओढली, चष्मा पुसला, म्हणाली,
"बंद कराचं बटन कोन्तं, ते पयले दाखव."