रकाना नववा

तालुक्यावरून फॉर्म आलाय, सोमवारी परत हवा.
विद्यार्थी व्यसनाकडे वळण्याची कारणे.
योग्य तिथे बरोबरची खूण करा.
चौकोन एवढे बारके
की खूण बाहेर सांडते.

दुर्गेश कोळी, नववी ब, अडावद.
दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, कंपासशेजारी,
तीन पुड्या आणि चुन्याची डबी.

सहज उपलब्धता :
फाटकापासून बेचाळीस पावलं. मी मोजलीत.
टपरीवर बंदीची पाटी आहे,
तिच्याच खिळ्याला माळा लटकतात.

घरचं वातावरण :
बाप म्हणायचा, पुडी आन, उरेल रुपया तुले.
आधी रुपया उरायचा,
मग पुडीतली चिमूट.

संगत :
रात्री केळीचे घड ट्रकमध्ये भरणारी मोठी पोरं.
डोळा लागू नये म्हणून तीही गालात धरतात,
त्यांच्यात उभं राहायचं तर
रिकाम्या गालानं कसं उभं राहणार.
सकाळी पहिल्या तासाला शर्टावर चिकाचे काळे डाग,
आणि मी : झोपलास काय रे?

इथवर खुणा झाल्या. पेन छान चाललं.

मग नळावर चूळ भरून झाल्यावर
त्यानंच सांगितलं, एकेक अक्षर
चढावर हातगाडी लोटावी तसं :
"तों... तोंड भरेल ऱ्हास ना सर,
मंग क... कोन्ही वाचाले लावत नही."

सातवीतला कुठलासा गुरुवार.
धडा मीच दिला होता वाचायला.
'पक्षी' होता शब्द. 'प'वर अडकला तो.
पुढच्या बाकावर कुणी हातांचे पंख फडफडवले,
वर्ग हसला.
मी घाईनं फळ्याकडे वळलो
तारीख लिहायला, जी आधीच लिहिलेली होती.
खांदे हलताना
पाठीमागून दिसतात,
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नववा रकाना : इतर. पुढे ठिपक्यांची अर्धी ओळ.
तिथे मी माझं नाव लिहिलं,
हजेरीत लिहितो तसं, आडनाव आधी.
मुख्याध्यापक म्हणाले, अहो, हे वर जाणार आहे.

शाळा सुटल्यावर दुर्गेशला थांबवलं.
खिशातली चौथी पुडी त्यानं दिली नाही,
मी मागितली नाही.
पुस्तक उघडलं.
बाबूलाल शिपाई एकेक खिडकी लावत
आमच्या बाकापर्यंत आला,
तरी आम्ही 'प'पाशीच.