रुमालाखाली

अकरा दिवस मामानं कुणाला सांगितलं नाही.
मला कळलं ते दूधवाल्याकडून.
अर्ध्या लिटरचं पाव लिटर झालं होतं,
आणि रिक्षा सोडून
दुखरा गुडघा ओढत मामा यार्डाकडं चालत जातो, म्हणाला.

जिनगोंडा मगदूम. हळदीच्या अडतीत एक्केचाळीस वर्षं.
हळकुंड कानाशी मोडून
आवाजावरून माल सांगणारा माणूस.

मामीचं शिलाई मशीन विकायचं होतं.
पायाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टी झिजलेलं.
शेजारच्या पोरानं फोटो काढून जाहिरात टाकून दिली,
चार हजार.
दहा मिनिटांत फोन.
फौजी आहे, बदली होऊन मिरजेला येतोय,
बायकोला हवंय, न बघता घेतो, अंकल.
एक रुपया कमी करा म्हणाला नाही.

"तिथंच," मामा नंतर म्हणाला,
"तिथंच वळखाय पायजे होतं गं.
भाव न करणारं गिऱ्हाईक
मी यार्डात कधी उभं केलं न्हाई."

फौजीनं चौकोन पाठवला, काळ्या ठिपक्यांचा.
पैसे घ्यायचेत ना? स्कॅन करा, पिन टाका.
मामानं टाकला. चार हजार गेले.
चुकून झालं अंकल, परत पाठवतो, पुन्हा टाका.
मामानं पुन्हा टाकला,
कारण चूक कबूल करणाऱ्यावर
विश्वास ठेवायची त्याला सवय.
तिसऱ्यांदा साडेअकरा हजार.

मी पुण्याहून आले ती चिडूनच.
पैसे घ्यायला पिन लागतो कधी?
त्याच दिवशी एकोणीसशे तीसला फोन करायचा!
अकरा दिवस काय करत होतास?
मामा चहा ठेवायला उठला
आणि स्वतःच्याच घरात
साखरेचा डबा शोधत राहिला.
माझा आवाज तेव्हा मला ऐकू आला.
तो फौजी निदान अंकल म्हणत होता.

विश्रामबागच्या ठाण्यात दोन तास बाकावर.
शेजारी एक निवृत्त हेडबाई, पर्स छातीशी धरून.
काय गेलं, त्यांनी विचारलं नाही.
आम्हीही नाही.

रात्री ताटावर बसल्यावर मी म्हटलं,
"यार्डात भाव कसा ठरायचा, मामा?"
माहीत होतं, तरी विचारलं.
त्यानं खिशातला रुमाल काढला,
माझ्या हातावर टाकला,
खालून बोटं दाबली.
एक. मग तीन. मग अंगठ्याचं पेर.
"हा भाव. भवतीनं शंभर माणसं हुबी,
कळणार दोघांनाच."
"आणि तिसऱ्याला सांगितला तर?"
"अडत बुडंल की."
"पिन तसाच असतो, मामा."

तो थांबला. बोटं माझ्या बोटांवर तशीच.
"मग रुमालाखालचा दुसरा कोण?"
हे मला सुचलं नव्हतं.
"दुसरा कुणी नाही," मी म्हणाले शेवटी,
"दोन्ही हात तुझेच."
"आन् पैसे येताना?"
"येताना रुमालच नको.
येणारे पैसे उघड्यावर येतात."
त्यानं रुमाल घडी घालून ठेवला. दोनदा घडी घातली.
आमटी गार झाली होती.

रविवारी हरिपूरहून एक बाई आली,
पोराला गाडीवर पुढं बसवून.
चाक फिरवून बघितलं, पट्टा ओढून बघितला,
पट्टा वाळलाय म्हणाली, आणि दोन हजारांपासून सुरू केलं.
मामा खुर्चीत पुढं सरकला.
महिन्याभरात पहिल्यांदा
त्याची पाठ सरळ झालेली मी पाहिली.
पाऊण तास.
सत्तावीसशे, रोख.
नोटा त्यानं दोनदा मोजल्या, तिच्यासमोर.
तिनं मशीन टेम्पोत चढवताना तीनदा बजावलं, हळू.
खणातल्या बॉबिनी आणि तेलाची कुपी
त्यानं वर दिली.

दार लावून आत आला.
"तीनशे जास्त निघाले असते," म्हणाला,
"पण बाई भाव करत होती."