सहा ताटल्या

उम्म अल-क्वैनच्या खाडीवर, होड्यांच्या कारखान्यात
लुसियो फायबर घासायचा. पगार सगळ्यांत कमी.
संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरा,
जणू कुणी त्याला गिरणीत विसरून गेलंय.

पण रात्री खोलीत वाद पेटला
की कुणी फोरमनकडे जात नसे.
फोरमन म्हणजे पोलीस, पोलीस म्हणजे परतीचं तिकीट.
लोक लुसियोला उठवायचे.

त्याचे आजोबा मासिकाम्पो होते,
पलावानकडच्या कुठल्याशा बेटावर, तागबानुवांचे.
म्हणजे राजा का? मी एकदा विचारलं.
"छे. ज्याला सगळ्यात उशिरापर्यंत बसावं लागतं, तो."

ड्रिल मशीन हरवलं तेव्हा
मी शफीकुलचं नाव घेतलं.
पालथ्या घातलेल्या होडीपाशी बसलो आम्ही,
अकरा माणसं, चार भाषा, चहाची एक किटली.
आधी तक्रारवाला बोलणार.
त्याचं संपेपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही.
मी बोललो. छान बोललो.
आमच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा फळा आहे
आणि आमच्या बांधाचा खटला तिसऱ्या पिढीत;
कसं बोलायचं ते रक्तातच आहे.

शफीकुल एवढंच म्हणाला, मी नाही.

लुसियो बराच वेळ खाडीकडे बघत राहिला.
भरती होती.
"आजोबांच्या वेळी दोघांना पाण्यात उतरवायचे.
बुडी मारायची. ज्याचं डोकं आधी वर, तो खोटा.
आता तसं नको. आता नुसतं बसू."

बसलो.
धक्क्याखाली पाणी डुबुक डुबुक करत होतं,
नेमकं त्याच जागी, जिथं
माझं कोपर लागून ड्रिल खाली गेलं होतं.
कोरड्या वाळूवर, बसल्या बसल्या
माझा दम संपला.

दंड सहा ताटल्या.
त्यांच्याकडे चिनी मातीच्या असत, पणजोबांपासून जपलेल्या;
मी बाजारातून निळ्या काठाच्या आणल्या, दोन दिरहमला एक.
ड्रिलचे पैसे वेगळे, तीन पगारांतून,
आणि फोरमनला सांगायचं तेही मीच.
पाच शफीकुलच्या. त्यानं मोजून घेतल्या. हसला नाही.
सहावी निवाडा करणाऱ्याची.

"आजोबाही घ्यायचे," लुसियो ताटली लुंगीला पुसत म्हणाला,
"आणि त्याच रात्री तिच्यात भात वाढायचे.
आधी हरलेल्याला."

भात गार झाला होता.
मी सगळा खाल्ला.